‘मंत्री’ कोणास म्हणावे?

मंत्री म्हणजे हुकूम सोडणारा, असा समज हल्ली रूढ झाला आहे. वस्तुतः ‘मंत्र’ म्हणजे मसलत, व ती देणारा तो मंत्री. तुळजाभवानी ज्यांचे कुलदैवत, त्या शिवछत्रपतींनी १६७४ साली राज्याभिषेकसमयी ‘वाकनीस’ हे फारसी नाव टाकून ‘मंत्री’ हे नाव योजिले. ते पद सत्ता गाजविण्याचे नव्हे, राजाजवळ राहून दक्षतेने नोंद ठेवण्याचे होते.

हाच न्याय तुळजापूरच्या नगरपरिषदेस लागतो. परिषद म्हणजे भोवती बसून विचार करणारी सभा. यात्रेकरूंचे पाणी, रस्ते, स्वच्छता यांवर तेथे उघड विचार झाला पाहिजे. नगरसेवक निवडताना व्यापारी बंधूंनी सेवेचे वचन घ्यावेच. परंतु त्याच्यापाशी सल्ला देण्याजोगी अक्कल व स्पष्ट बोलण्याचे धैर्य आहे काय, हे आधी पाहावे, असे आमचे सांगणे आहे.