आधी ऊब, मग घास

मूल जेवत नाही, अशी तक्रार घेऊन पालक आले की डॉक्टर आधी त्याचे वजन करतात. मग ताटाबाहेरचे प्रश्न विचारतात. झोप लागते का, शौचाला साफ होते का, मधल्या वेळी बिस्किटे किती खातो, नुकताच ताप येऊन गेला का? ‘नखरे’ हे निदान सगळ्यात शेवटी, बाकीचे सारे तपासून झाल्यावर. पाळीव प्राण्यांच्या बाबतीत मात्र हा क्रम नेमका उलटा होतो. प्राण्याने तोंड फिरवले की संशय त्याच्या जिभेवर जातो आणि बाजारात नव्या खाद्याचा शोध सुरू होतो. अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात घरोघरी पोहोचलेला बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे दाढीवाला सरडा, या उलट्या क्रमाचा मोठा बळी आहे.

हा प्राणी मूळचा ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातल्या कोरड्या प्रदेशातला. शास्त्रीय नाव पोगोना व्हिटिसेप्स. आपल्याकडे कुंपणावर मान हलवत बसणारा बागेतला सरडा आणि हा, दोघेही अगॅमिडी या एकाच कुळातले. डिवचला की गळ्याखालची काटेरी कातडी फुगवून काळी करतो, म्हणून ‘दाढी’. अंड्यातून बाहेर येतो तेव्हा वजन जेमतेम दोन-तीन ग्रॅम असते आणि दीडेक वर्षात ते तीनशे ग्रॅमच्या पुढे जाते. वाढीचा हा वेग लक्षात घेतला, की पिल्लाने खाणे सोडण्याचा अर्थ कळतो. प्रौढ सरडा काही दिवस उपाशी राहिला तरी बहुधा निभावते, पिल्लाचे तसे नसते.

ऑस्ट्रेलियातून जिवंत देशी सरडे व्यापारासाठी बाहेर नेण्यास कायद्याने बंदी आहे. त्यामुळे इतर देशांत विकली जाणारी पिल्ले पिंजऱ्यातच जन्मलेल्या पिढ्यांची असतात. शांत स्वभाव, खांद्यावर बसण्याची सवय आणि दिवसा जागे राहणे, यांमुळे ‘नवशिक्यांसाठी सोपा प्राणी’ अशी त्याची जाहिरात होते. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी घरांतही शाळकरी मुलाच्या हट्टापायी तो येऊ शकतो, आणि मग सहा महिन्यांसाठी नातवंडांकडे गेलेल्या आजीला स्वयंपाकघराशेजारी रातकिड्यांचा डबा सांभाळावा लागतो. प्रश्न आजीच्या सोवळ्याचा नाही. ‘सोपा’ या शब्दाचा आहे.

सरडा स्वतःच्या शरीरात पुरेशी उष्णता तयार करत नाही. ती त्याला बाहेरून घ्यावी लागते. त्याचे पाचक स्राव, आतड्यांची हालचाल आणि भूकसुद्धा शरीराच्या तापमानावर अवलंबून असते. म्हणून त्याच्या काचपेटीच्या एका टोकाला दिव्याखाली साधारण ३८ ते ४२ अंश सेल्सिअस तापमान लागते आणि दुसरे टोक पंचविशीच्या आसपास थंड लागते, म्हणजे त्याला हवे तेव्हा जागा बदलता येते. उबेची जागा तिशीच्या आतच राहिली, तर पोटात गेलेला किडा नीट पचत नाही. अशा पिल्लाने पुढचा घास नाकारणे हा हट्ट म्हणता येणार नाही. पहिलाच घास अजून वाटेत आहे, एवढेच ते सांगत असते. येथे नवे खाद्य आणून काही साधत नाही. आधी तापमान मोजायला हवे, आणि तेही काचेला चिकटवलेल्या तबकडीवर विसंबून नव्हे. दिव्याखाली पिल्लू जिथे बसते, तिथले तापमान चांगल्या डिजिटल तापमापकाने मोजावे.

दुसरा प्रश्न प्रकाशाचा. १९१९ मध्ये बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की या डॉक्टरांनी मुडदूस झालेल्या मुलांवर पाऱ्याच्या दिव्याचा अतिनील प्रकाश टाकला आणि त्यांची हाडे भरून आली. एकाच हातावर प्रकाश दिला तरी दुसऱ्या हाताची हाडेही सुधारतात, हे त्यांनी दाखवले. म्हणजे त्वचेत काहीतरी तयार होऊन रक्तावाटे सर्वत्र पोहोचत होते. ते ‘काहीतरी’ म्हणजे ड जीवनसत्त्व. सरड्यातही हीच यंत्रणा चालते. अतिनील-ब किरणांनी त्वचेत ड जीवनसत्त्वाचा पूर्वघटक बनतो, शरीराच्या उबेने त्याचे ड३ मध्ये रूपांतर होते आणि मग आतडी अन्नातले कॅल्शियम शोषू शकतात. खिडकीची साधी काच हे किरण जवळजवळ सगळे अडवते, त्यामुळे ‘पेटी खिडकीजवळ उन्हात ठेवली आहे’ या समाधानाला अर्थ नाही. उलट बंद काचपेटी थेट उन्हात जीवघेणी तापू शकते. अतिनील-ब देणारी खास नळी लागते, आणि तिचीही एक खोड आहे. डोळ्यांना ती उजळ दिसत राहते, पण तिच्यातले उपयोगाचे किरण महिन्यागणिक घटतात. म्हणून उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत, बहुतेकदा सहा ते बारा महिन्यांत, ती बदलावीच लागते.

प्रकाश कमी पडला आणि खाद्यात कॅल्शियम नसले, की पिल्लाला अक्षरशः मुडदूस होतो. पाळलेल्या रातकिड्यात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस कित्येक पट जास्त असतो. हवे असते याच्या उलट, कॅल्शियम दुपटीच्या आसपास. त्यामुळे किड्यांवर कॅल्शियमची भुकटी भुरभुरून ते द्यायचे असतात आणि त्याआधी किड्यांनाही पाला, गाजर असे चांगले खाणे घालायचे असते. हे झाले नाही तर पायांची बोटे थरथरतात, मागचे पाय लुळे पडतात आणि जबडा रबरासारखा मऊ होतो. मऊ, दुखऱ्या जबड्याचे पिल्लू किडा तोंडात धरते आणि सोडून देते. पाहणारा म्हणतो, ‘आवडत नाही वाटते.’ म्हणजे ज्याला खोड समजले जाते, ते आजाराचे लक्षण असते. मात्र जास्त भुकटी म्हणजे जास्त फायदा, असेही नाही. ड जीवनसत्त्वाचा अतिरेक माणसाप्रमाणे सरड्यालाही घातक असतो.

ऊब, प्रकाश आणि कॅल्शियम ठीक असेल, तर पुढची कारणे पाहायची. नव्या घरात आलेले पिल्लू पहिला आठवडा-दोन आठवडे बिचकलेले असते आणि सतत हाताळले तर आणखी बिचकते. कात टाकताना भूक मंदावते. डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा किडा दिला, तर गिळायला आणि पचायला जड जातो. मोठे भावंड त्याच पेटीत असेल, तर धाकटे दबून उपाशी राहते. पोटात जंत किंवा कॉक्सिडिया असू शकतात. विष्ठेच्या साध्या तपासणीत ते कळते.

खरा चोखंदळपणाही असतो, आणि तो बहुधा पाळणाऱ्यानेच लावलेला असतो. मेणकिड्याची अळी चरबीने भरलेली आणि चविष्ट असते. खात नाही म्हणून ती दिली, की पिल्लू तिच्यासाठीच थांबू लागते. जेवत नाही म्हणून मुलाच्या हातात वेफर्सची पुडी देण्यासारखेच हे. यावरचा उपाय दोन्हीकडे सारखा आहे. अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मुलांसाठी एक विभागणी सांगितली आहे: काय, केव्हा आणि कुठे द्यायचे ते मोठ्यांनी ठरवावे, खायचे की नाही आणि किती, ते मुलाने. सरड्याच्या पिल्लाला दिवसातून दोन-तीनदा, दहा-पंधरा मिनिटांत खाईल तेवढे लहान किडे द्यावेत आणि उरलेले काढून घ्यावेत, कारण रात्री हेच रातकिडे झोपलेल्या पिल्लाला चावतात. हिरवा पाला सकाळी, भूक असताना, बारीक चिरून रोज ठेवावा. पालकाच्या भाजीतले ऑक्झलेट कॅल्शियम अडकवून ठेवते, म्हणून रोज पालक नको. मोहरीचा पाला, भोपळा चालतो. पिल्लाने पाला आठ-दहा दिवस नुसता तुडवला तरी तो ठेवत राहावा. वयाबरोबर त्याच्या आहारात पाल्याचा वाटा वाढत जातो आणि प्रौढपणी तोच मुख्य होतो.

दोन गोष्टी मात्र कधीही करू नयेत. पशुवैद्याने शिकवल्याशिवाय पिचकारीने तोंडात खाणे ढकलू नये, ते फुप्फुसात जाऊ शकते. आणि अंगणातले किडे पकडून देऊ नयेत. त्यांच्यावर कीटकनाशक असू शकते. त्यातही उत्तर अमेरिकेतल्या काही काजव्यांमध्ये हृदयावर परिणाम करणारे, डिजिटॅलिसच्या धर्तीचे विष असते. एक काजवासुद्धा या सरड्याचा जीव घेऊ शकतो.

घरच्यांच्या तब्येतीचाही विचार हवा. वरून निरोगी दिसणाऱ्या सरड्याच्या विष्ठेतूनही सॅल्मोनेला जिवाणू बाहेर पडतात. अमेरिकेत २०१२ ते २०१४ या काळात याच पाळीव सरड्यांशी संबंधित सॅल्मोनेला कॉथमच्या साथीत दीडशेहून अधिक रुग्ण नोंदले गेले. त्यांत निम्म्याहून अधिक पाच वर्षांपर्यंतची मुले होती. म्हणूनच पाच वर्षांखालील मूल, पासष्टीपुढचे वृद्ध किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेली व्यक्ती घरात असेल, तर सरपटणारा प्राणी आणू नये, असा तिथल्या आरोग्ययंत्रणेचा सल्ला आहे. इतरांनी हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, त्याची भांडी स्वयंपाकघराच्या मोरीत धुऊ नयेत आणि लाडाने मुका घेऊ नये.

अनुभवी पाळणारे म्हणतील, नीट सांभाळले तर हा प्राणी खरोखरच सोपा आहे. ते खरेही आहे. पण ‘नीट’ या शब्दात तापमापक, दोन प्रकारचे दिवे, ठरावीक मुदतीला नवी नळी, रोजचे जिवंत किडे आणि सरड्यांवर उपचार करणारा पशुवैद्य एवढे सारे येते. पिल्लाच्या किमतीपेक्षा हा खर्च मोठा असतो आणि विक्रीच्या वेळी तो क्वचितच पुढे मांडला जातो. पिल्लू विकणाऱ्याने या खर्चाचा आणि सॅल्मोनेलाच्या धोक्याचा लेखी तपशील देणे सक्तीचे असायला हवे. आणि तापलेली, मोजून पाहिलेली पेटी घरात तयार झाल्याशिवाय पिल्लू आणायचे नाही, हा नियम पालकांनी स्वतःला घालून घ्यायला हवा.

त्यानंतरही पिल्लू खाईना, तर स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यासारखा एक काटा केवळ त्याच्यासाठी ठेवावा आणि दर आठवड्याला ग्रॅममध्ये वजन लिहावे. वजन वाढत असेल, तर एखाद्या दिवशी कमी खाल्ल्याची चिंता नको. ते थांबले, घटू लागले, डोळे खोल गेले किंवा पाय थरथरू लागले, तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे जावे. ही वही शाळकरी मुलाकडे सोपवता येते. ज्याला बोलता येत नाही त्याला नखरेल म्हणण्याआधी मोजून पाहायचे असते, हे त्यातून ते मूल शिकेल.