दोष एकट्या रुग्णाचा नाही

औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंची चर्चा निघाली की आपल्याकडे आरोपी ठरलेले असतात. ताप उतरला म्हणून गोळ्यांचा कोर्स मध्येच सोडणारा रुग्ण, चिठ्ठी न मागता पाकीट काढून देणारा मेडिकलवाला आणि साध्या सर्दीलाही अँटिबायोटिक लिहिणारा डॉक्टर. दवाखान्यातली पोस्टर या तिघांनाच उद्देशून असतात, आणि पाकिटावरची लाल रेघही. आरोप खोटा मुळीच नाही. सर्दी विषाणूंमुळे होते, तिच्यावर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नसतो, तरी ती सर्रास घेतली जातात. महत्त्वाची अँटिबायोटिक्स चिठ्ठीची नोंद ठेवूनच विकावीत हा ‘एच-1’ अनुसूचीचा नियम मार्च 2014 पासून लागू आहे. तो किती पाळला जातो हे कोणत्याही गावात पाहता येईल. पण या आरोपपत्रात एक मोठे नाव राहून गेले आहे. ते म्हणजे औषध कारखान्यांचे सांडपाणी.

हैदराबादजवळच्या पटनचेरूचे उदाहरण जगभरच्या अभ्यासकांना पाठ आहे. आपल्याकडे मात्र ते फारसे कोणाला ठाऊक नाही. तिथल्या सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रात सुमारे 90 औषध कारखान्यांचे पाणी येत असे. स्वीडनच्या योआकिम लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या केंद्रातून प्रक्रिया होऊन बाहेर पडणारे पाणी तपासले आणि 2007 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. लिटरमागे 31 मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन! सिप्रोची गोळी घेतलेल्या रुग्णाच्या रक्तातही औषध इतक्या प्रमाणात नसते. केंद्रातून दिवसाला अंदाजे 45 किलो सिप्रो बाहेर पडत होते. 500 मिलिग्रॅमच्या गोळ्यांत मोजले तर रोजच्या 90 हजार गोळ्या. कुठल्या रुग्णाने अर्धवट सोडलेला कोर्स या हिशेबात बसवायचा?

हे पाणी इसकावागु ओढ्यातून नक्कावागु नदीत, तिथून मांजरा नदीत आणि पुढे गोदावरीत जाण्याच्या वाटेवर होते. मांजरा आपल्या बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरात उगम पावते, लातूरची तहान भागवते, कर्नाटक ओलांडून तेलंगणात जाते आणि पुन्हा उत्तरेला वळून नांदेड जिल्ह्याच्या हद्दीवरून वाहते. पटनचेरू म्हणजे दूरचे कोणाचे तरी दुखणे, असे मराठी वाचकाला म्हणता येणार नाही. 2009 मध्ये त्याच परिसराचा दुसरा अभ्यास आला. जवळच्या तळ्यांत आणि गावांच्या विहिरींतही औषधांचे अंश सापडले होते.

यावर पहिले उत्तर मिळते ते असे, की नदीच्या मोठ्या प्रवाहात हे औषध विरून जाते आणि इतक्या पातळ झालेल्या औषधाने काही बिघडत नाही. ऐकायला ते पटते, पण ते चूक आहे. जंतू मारायला जेवढे औषध लागते त्याच्या शेकडो पटींनी कमी मात्रेतही रोधक, म्हणजे औषधाला दाद न देणाऱ्या, जंतूंचे फावते, हे स्वीडनमधल्याच उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 मध्ये प्रयोगाने दाखवले. अशा पाण्यात साधा जंतू मरत नाही, पण त्याची वाढ किंचित मंदावते; औषध पचवणारा जंतू मात्र त्याच वेगाने वाढत राहतो. पिढ्या झपाट्याने बदलत असल्या की एवढ्याशा फरकानेही पारडे फिरते. शिवाय रोधाचे जनुक प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यांवरून एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीकडे जाऊ शकते. मातीतल्या निरुपद्रवी जंतूने कमावलेली ताकद उद्या माणसाच्या आतड्यातल्या जंतूच्या हाती लागते ती अशी.

दुसरा आक्षेप जास्त विद्वान आहे. रोध निसर्गातच आहे, तो हजारो वर्षे जुना आहे, मग कारखान्यांना का झोडपता? त्यातला पूर्वार्ध खरा आहे. कॅनडातल्या युकॉन भागात 30 हजार वर्षे गोठून राहिलेल्या मातीतही रोधाची जनुके मिळाली आहेत. प्रश्न जनुक असण्याचा नसून त्याच्या संख्येचा आणि ते कोणाच्या अंगी आहे याचा आहे. गवतात ठिणगी पूर्वीपासून होती, म्हणून तिच्यावर रॉकेल ओतणारा निर्दोष ठरत नाही.

परदेशी शास्त्रज्ञ भारताला बदनाम करतात, असाही सूर निघतो. 2010-11 मध्ये ‘एनडीएम-1’ या रोधाच्या जनुकाच्या नावात दिल्ली आल्यावर तो फार मोठा झाला. नावावरचा राग समजण्यासारखा होता. रोगांना गावांची नावे देऊ नयेत, असे पुढे 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही सांगितले. पण त्या रागाच्या भरात दिल्लीच्या नळाच्या 50 पैकी 2 नमुन्यांत आणि साचलेल्या पाण्याच्या 171 पैकी 51 नमुन्यांत ते जनुक सापडले होते, ही मूळ गोष्ट बाजूला पडली. आणि हे काम परदेशी लोकच करतात असेही नाही. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या संशोधकांनी औषध कारखान्यांच्या अशाच एका प्रक्रिया केंद्रातले 93 जंतू 39 अँटिबायोटिक्सवर पारखले. त्यातले 86 टक्के जंतू 20 किंवा त्याहून जास्त औषधांना पुरून उरले. हा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. पुण्याच्या मुठा नदीच्या गाळातही शहराच्या वरच्या अंगापेक्षा शहरात रोधाची जनुके अनेक पटींनी जास्त आढळली, अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवलेल्या औषधांविरुद्धची जनुकेसुद्धा. मुठेतल्या या जनुकांचा दोष शहराच्या प्रक्रिया न केलेल्या मैलापाण्याकडे जातो, आणि तेही इथे सांगितलेच पाहिजे.

उरतो सांडपाणी शुद्ध करण्याच्या खर्चाचा मुद्दा, आणि तो गंभीर आहे. भारतातून स्वस्त औषधे जगभर जातात. पिंपरीला 1954 साली सरकारी क्षेत्रात पेनिसिलिनचा कारखाना उभा राहिला, तो गरिबाला औषध परवडावे म्हणूनच. पण ती स्वस्ताई टिकवायची तर औषध चालले पाहिजे. ते चालेनासे झाले की त्याच गरिबाला महागडी इंजेक्शने आणि अतिदक्षता विभागाचे बिल भरावे लागते. 2019 या एका वर्षात जगात 12 लाख 70 हजार मृत्यू थेट औषधरोधामुळे झाले, असा अंदाज ‘लॅन्सेट’ने छापला आहे. कारखान्याचा हिशेब मांडताना हा खर्चही त्याच वहीत लिहायला हवा. उपायही अद्भुत नाहीत. अँटिबायोटिक असलेले दाट पाणी इतर पाण्यात मिसळण्याआधीच वेगळे काढायचे, त्यातले औषध रसायनाने मोडायचे किंवा पाणी आटवून उरलेला गाळ जाळायचा.

नियमांनी फरक पडतो का? चीनमध्ये कोलिस्टिन या अँटिबायोटिकविरुद्धच्या रोधाचे ‘एमसीआर-1’ जनुक 2015 मध्ये उजेडात आले. 2017 मध्ये जनावरांच्या खाद्यात कोलिस्टिन घालण्यावर तिथे बंदी आली, आणि त्यानंतर डुकरांतच नव्हे तर माणसांतही या रोधक जंतूंचे प्रमाण घटले. भारतानेही जुलै 2019 मध्ये खाण्याच्या जनावरांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली. म्हणजे ठरवले तर सरकारला हे जमते.

म्हणूनच पुढची घटना जास्त खुपते. सांडपाण्याचे आपले नेहमीचे निकष आम्लता, प्राणवायूची मागणी, क्षार असे मोजतात. अँटिबायोटिक त्यांत बसत नाही, त्यामुळे कारखाना सगळ्या चाचण्यांत उत्तीर्ण होऊनही औषध नदीत सोडू शकतो. ही फट बुजवण्यासाठी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी 2020 मध्ये मसुदा काढला होता. त्यात 121 अँटिबायोटिक्सच्या अंशांना मर्यादा सुचवल्या होत्या. ऑगस्ट 2021 मध्ये अंतिम अधिसूचना आली, आणि त्या मर्यादा तिच्यात नव्हत्या. सप्टेंबर 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अँटिबायोटिक कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी मार्गदर्शिका काढली, तेव्हा भारताचा तो मसुदा चार वर्षांहून जुना झाला होता. तो पुन्हा काढावा, 121 मर्यादा अधिसूचनेत लिहाव्यात आणि प्रत्येक कारखान्याच्या तपासणीचे आकडे त्याच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या गावांना वाचता येतील असे जाहीर करावेत.