रिकामी बाटली कोणी परत घ्यायची?

पर्यावरणरक्षणाचा सारा भार सामान्य नागरिकाच्या सवयींवर टाकून राज्यकर्त्यांनी आणि कारखानदारांनी मोकळे व्हावे, अशी एक सोयीस्कर पद्धत गेल्या काही वर्षांत आपल्याकडे चांगलीच रूढ झाली आहे. २० ऑक्टोबर २०२२ रोजी गुजरातेत केवडिया येथे पंतप्रधानांनी संयुक्त राष्ट्रसंघाच्या सरचिटणीसांना शेजारी उभे करून 'पर्यावरणासाठी जीवनशैली' या मोहिमेचा शुभारंभ केला. त्या मोहिमेत नागरिकांसाठी ७५ सवयींची एक यादीच आहे. बाजारात जाताना कापडी पिशवी न्यावी, नळ वाहता ठेवू नये, सिग्नलपाशी गाडीचे इंजिन बंद करावे, ओला व सुका कचरा वेगळा करावा, इत्यादी. यातील एकही सूचना वाईट नाही. परंतु पंचाहत्तरच्या पंचाहत्तर सूचना घरात राहणाऱ्या माणसाला उद्देशून आहेत. वस्तू बनवणाऱ्याने काय करावे आणि काय बनवूच नये, याविषयी त्या यादीत अवाक्षर नाही. आपल्या राज्यात २ ऑक्टोबर २०२० पासून सुरू झालेल्या 'माझी वसुंधरा' अभियानातही नागरिकांकडून शपथा घेतल्या गेल्या, आणि तेव्हा मुंबईत सरकार दुसऱ्या पक्षांचे होते. तेव्हा हा दोष एका पक्षापुरता मानण्याचे कारण नाही.

शुभारंभासाठी निवडलेले स्थळही बोलके आहे. नर्मदेवरील ज्या धरणापाशी साधेपणाचा हा उपदेश झाला, त्याच धरणाच्या पाण्याने आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील ३३ गावे बाधित झाली. तेथील आदिवासींपेक्षा कमी वीज, कमी पेट्रोल आणि कमी प्लॅस्टिक वापरणारा माणूस या देशात शोधूनही सापडणार नाही. त्यांच्या त्या जीवनशैलीबद्दल त्यांना कोणी पारितोषिक दिले नाही. त्यांच्या वाट्याला विस्थापन आले.

ही युक्ती मूळची आपल्याकडची नाही. १९५३ साली अमेरिकेत 'कीप अमेरिका ब्युटिफुल' नावाची संस्था निघाली. तिच्या संस्थापकांत पेयांच्या बाटल्या आणि डबे बनवणाऱ्या कंपन्या होत्या. एकदा वापरून फेकण्याच्या बाटलीवर कायद्याने निर्बंध येऊ नये म्हणून कचऱ्याचा दोष तो टाकणाऱ्याच्या माथी मारणे हे तिच्या प्रचाराचे सूत्र. १९७१ साली तिने दूरचित्रवाणीवर दाखवलेली जाहिरात गाजली. कचरा पाहून अश्रू ढाळणारा एक आदिवासी तीत होता आणि ती भूमिका करणारा नट प्रत्यक्षात इटालियन वंशाचा होता! पुढे २००० नंतरच्या दशकात ब्रिटिश पेट्रोलियम या तेल कंपनीने प्रत्येकाने आपापल्या 'कार्बन पावलांचा' हिशेब मांडावा म्हणून मोठी जाहिरात मोहीम चालवली. जमिनीतून तेल उपसून विकणाऱ्याने ते जाळणाऱ्याला हिशेब विचारावा, यापरता निर्लज्जपणा कोणता?

आता आपल्या घरच्या एका उदाहरणाकडे वळू. मुंबईत ज्यांचे बालपण १९६० किंवा १९७० च्या दशकात गेले त्यांना आरेचे दूधकेंद्र आठवत असेल. पहाटे रांगेत उभे राहायचे, रिकामी काचेची बाटली द्यायची आणि चंदेरी झाकणाची भरलेली बाटली घ्यायची. तारेच्या जाळीतून त्या बाटल्या दुग्धशाळेत परत जात, धुतल्या जात आणि पुन्हा भरल्या जात. गिरणगावातील चाळकऱ्याला कोणी पर्यावरणाची शपथ दिलेली नव्हती, त्याला कसली प्रेरणाही लागत नव्हती. रिकामी बाटली दिल्याशिवाय भरलेली मिळत नाही, एवढी साधी व्यवस्था होती, आणि ती सरकारी दूध योजनेने उभारलेली सार्वजनिक व्यवस्था होती. पुढे प्लॅस्टिकची पिशवी आली. बाटली फुटते, जड असते, धुण्यासाठी पाणी आणि मनुष्यबळ लागते, ही पिशवीच्या बाजूची कारणे खोटी नव्हती. पण त्या बदलात एक गोष्ट गुपचूप घडली. रिकामे वेष्टन परत घेण्याची, धुण्याची आणि वाहून नेण्याची जी जबाबदारी आजवर विकणाऱ्याची होती, ती त्याच्या जमाखर्चातून नाहीशी झाली. ती कोणाकडे गेली, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर २०१८ साली महाराष्ट्राने पाहिले. त्या वर्षीच्या २३ मार्च रोजी राज्य सरकारने प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली. पहिल्या गुन्ह्यास पाच हजार, दुसऱ्यास दहा हजार, तिसऱ्यास पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कारावास. भाजीच्या टोपलीमागे बसलेल्या बाईची दिवसाची कमाई किती आणि तिला दंड पाच हजारांचा! ग्राहक पिशवी मागतो म्हणून ती पिशवी ठेवते; न ठेवल्यास तो पुढच्या टोपलीकडे जातो. वॉर्डातील पथकांनी धाक घातला तो तिला आणि फेरीवाल्याला. दुसरीकडे बिस्किटे आणि वेफर्स ज्यात बांधलेले असतात त्या चकचकीत बहुपदरी वेष्टनांना, ती कारखान्यातच भरली जातात म्हणून, बंदीतून सूट मिळाली.

केंद्र सरकारची करणी याहून सूक्ष्म होती. पुनर्वापर न होणाऱ्या बहुपदरी प्लॅस्टिकचे उत्पादन दोन वर्षांत बंद करावे, असे २०१६ च्या मार्चमधील प्लॅस्टिक कचरा नियमांत म्हटले होते. ती मुदत संपते न संपते तोच, २७ मार्च २०१८ रोजी, त्या नियमात दुरुस्ती झाली. ज्यातून ऊर्जा मिळवता येत नाही किंवा ज्याचा अन्य काहीच उपयोग नाही अशाच वेष्टनांपुरती ती बंदी उरली. कोणतेही प्लॅस्टिक भट्टीत जळते, म्हणजे ऊर्जा मिळतेच. नियम शाबूत राहिला आणि त्यातील जीव गेला. महाराष्ट्र भाजीवालीला दंड करण्याच्या तयारीत होता त्याच आठवड्यात दिल्लीत हे घडले, याची नोंद आमच्या वृत्तपत्रांनी फारशी घेतली नाही.

या वेष्टनांचा शेवटचा धनी कोण? पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. डॉ. बाबा आढाव यांच्या प्रेरणेने आणि कार्यकर्त्यांच्या चिकाटीने उभ्या राहिलेल्या या संघटनेत बहुसंख्य दलित स्त्रिया आहेत. कचरा वेचणे हे भीक मागणे नव्हे, ते श्रम आहेत आणि त्या श्रमांवर शहराची स्वच्छता उभी आहे, हे त्यांनी महापालिकेकडून मान्य करून घेतले; पुढे 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करू लागली. या स्त्रियांना कोणत्या वस्तूला भंगारात काय भाव आहे हे पर्यावरणाच्या कोणत्याही पंडितापेक्षा अधिक नेमके ठाऊक असते. पुठ्ठ्याला भाव आहे, पाण्याच्या बाटलीला आहे, दुधाच्या पिशवीलाही आहे. वेफर्सच्या पाकिटाला नाही. ते कोणी विकत घेत नाही, म्हणून कोणी उचलत नाही, आणि शेवटी ते नाल्यात तरी जाते किंवा कचराभूमीवर तरी जळते.

आणि कचराभूमी कोणाच्या दारी? पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या माथी मारला गेला. २०१७ च्या उन्हाळ्यात आगीनंतर तेथील ग्रामस्थांनी गाड्या अडवल्या तेव्हा कुठे शहराला आपल्या कचऱ्याचा पत्ता कळला. मुंबईचे देवनार १९२७ पासून कचरा गिळते आहे. धारावीच्या 'तेरा कंपाउंड'मध्ये मुंबईचे प्लॅस्टिक निवडले जाते, दळले जाते, पुन्हा वापरात येते. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने धारावीच्या पुनर्विकासात अपात्र ठरणाऱ्यांच्या घरांसाठी जी जमीन देऊ केली, तीत देवनारच्या याच कचराभूमीची सुमारे १२४ एकर आहे. ज्यांनी शहराचा कचरा कमी केला त्यांनी उरलेल्या कचऱ्यावर राहायला जावे, असा हा न्याय!

येथे आपल्याच काही साथींशी दोन शब्द बोलणे भाग आहे. पिशवी, नळ, खतकुंडी हे सारे मध्यमवर्गाचे चोचले आहेत, व्यवस्था बदलली की ते आपोआप सुटेल, असे म्हणून हा विषय झटकून टाकणारे कार्यकर्ते आपल्यात कमी नाहीत. परंतु कष्टकरी घरात काटकसर ही चैन कधीच नव्हती. जुन्या लुगड्यांची गोधडी होई, फाटक्या कपड्यांवर बोहारीण भांडे देई, डालड्याचा रिकामा डबा वीस वर्षे घरात राही. ही दारिद्र्याने शिकवलेली रीत होती हे खरे, आणि दारिद्र्याचे गोडवे गाण्याचे काम आपण करू नये. पण त्या रीतीमागचे कौशल्य आणि वस्तूविषयीची कदर यांची थट्टा करणारा माणूस नकळत जाहिरातदाराच्याच बाजूला उभा राहतो. शिवाय जो कार्यकर्ता सभेत प्रत्येकापुढे प्लॅस्टिकची पाण्याची बाटली ठेवतो, त्याने पाण्याच्या खाजगीकरणावर ठराव मांडला तर ऐकणाऱ्याने काय समजावे? माठ आणि चार पेले ठेवायला क्रांतीची वाट पाहावी लागत नाही.

मात्र घरातील या हिरव्या कामाचा बोजा कोणावर पडतो हेही पाहिले पाहिजे. ओला-सुका कचरा निवडणे, पिशव्या शिवणे, धुणे, वाळवणे, खताच्या कुंडीतील अळ्या बघणे, ही कामे उपदेशकाच्या घरी त्याची पत्नी किंवा मोलकरीण करते. पुरुषाच्या वाट्याला बहुधा शपथ येते. स्त्रीच्या विनामोल श्रमांवर उभे असलेले पर्यावरण समाजवाद्यांना मान्य होण्याजोगे नाही.

प्रवासाचेही तेच. खाजगी मोटार टाळा, बसने जा, असे यादी सांगते. मुंबईत ९ मे २०२५ पासून बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे पाचवरून दहा रुपये झाले. त्याच शहरात तेरा हजार कोटींहून अधिक खर्चून किनारी रस्ता बांधला गेला, आणि त्यावर दुचाकीलाही मज्जाव आहे! बसने जाणाऱ्याला शिक्षा आणि मोटारवाल्याला बक्षीस देणाऱ्या शहराने कोणाला जीवनशैली शिकवावी?

तेव्हा मागणी कोणती करायची? २०१८ च्या त्याच अधिसूचनेत पाण्याच्या आणि पेयांच्या बाटल्यांवर अनामत घेऊन त्या परत घेण्याची योजना होती. रिकामी बाटली दुकानात द्या, पैसे परत घ्या, म्हणजे आरेच्या दूधकेंद्राचेच सूत्र. ती योजना कागदाबाहेर आली नाही. भाजीवालीच्या दंडाचे कलम मात्र लगेच अमलात आले. असे करणे अशक्य आहे म्हणणाऱ्यांना तमिळनाडूकडे बोट दाखवावे. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२२ मध्ये निलगिरी जिल्ह्यात सरकारी दारू दुकानांतून बाटलीमागे दहा रुपये अनामत घेणे सुरू झाले आणि बहुसंख्य बाटल्या परत येऊ लागल्या. दारूबंदीसाठी आयुष्यभर झटलेल्या आपल्या ज्येष्ठांना हे उदाहरण दारूच्या दुकानातून उचलावे लागावे, हा विनोदच. पण योजना चांगली आहे ती आहे.

आपल्या शहर-शाखांनी प्रत्येक महापालिकेत लेखी विचारावे: २०१८ पासून या शहरात किती उत्पादकांनी बाटल्या परत घेण्याची केंद्रे उघडली, त्यांची नावे काय आणि ती कोठे आहेत? त्याच अर्जात दुसरा प्रश्न: प्लॅस्टिकबंदीखाली आजवर किती फेरीवाल्यांना दंड झाला आणि किती कारखानदारांना? दोन्ही आकडे शेजारी-शेजारी ठेवून वॉर्डातील मंडईत फलक लावावा. आणि बाटल्या परत घेण्याची जी केंद्रे उघडतील ती ठेकेदाराला न देता कचरावेचक स्त्रियांच्या सहकारी संस्थांना द्यावीत, ही अट मागणीच्या पहिल्याच ओळीत असावी. नाहीतर उद्या बाटलीला भाव येईल आणि तीस वर्षे ती वेचणाऱ्या बाईलाच केंद्राच्या दारातून हाकलले जाईल.