गोधडीला कात्री

दिवाळीच्या तोंडावर घरात कोणकोणती कामे निघतात हे वाचकांना सांगायला नकोच. चकलीची भाजणी दळून आणायची, माळ्यावरचा आकाशकंदील काढून त्याच्या काड्या सरळ करायच्या, पोरांच्या किल्ल्यासाठी माती आणायची. पण 2024 सालच्या दिवाळीत आमच्या कोरेगाव भीमाच्या घरी या यादीत एक असे काम शिरले की जे कोणत्याही पंचांगात सापडणार नाही. शवपेटीला आतून गादीचे अस्तर लावणे!

घाबरू नका, घरात सगळे खुशाल होते. पेटी होती न्यू जर्सीत, आणि ती केली होती माझ्या बारा वर्षांच्या पुतण्याने. तिकडे 31 ऑक्टोबरला हॅलोविन नावाचा सण असतो. पोरे भुतेखेते बनून दारोदार चॉकलेटे मागत हिंडतात, आणि भल्या घरच्या अंगणात सांगाडे व कबरी मांडलेल्या असतात. 1 नोव्हेंबर हा ख्रिस्ती संतांचा दिवस. त्याची ही आदली संध्याकाळ. आयर्लंडातून गेलेल्या लोकांनी ती आपल्याबरोबर अमेरिकेत नेली. मायदेशी ते सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत. अमेरिकेत त्यांना भोपळा सापडला. त्या साली नरकचतुर्दशीही नेमकी 31 ऑक्टोबरलाच आली होती, त्यामुळे आमच्या धाकट्या भावाच्या घरी सकाळी उटणे आणि संध्याकाळी ड्रॅक्युला असा बेत ठरला होता.

हा ड्रॅक्युला पेटीत निजून राहणार, आणि पोरे दाराशी आली की झाकण उघडून उठून बसणार. पेटी प्लायवूडची, सहा बाजूंची. डोक्याशी अरुंद, खांद्याशी रुंद आणि पायाकडे निमुळती. बापलेकांनी सुतारकाम झकास केले, बाहेरून काळा रंगही दिला. घोडे अडले ते आत. सिनेमात दिसते तसे लाल, फुगीर अस्तर त्यांना काही केल्या जमेना. तेव्हा पुतण्याला आठवण झाली की आपली आजी गोधड्या शिवते.

रविवारी सकाळी त्याचा फोन आला. मी पुण्याहून सुटीवर आलेला. आई ओसरीवर बसली होती. फोनच्या पडद्यावर ती लाल-काळी पेटी पाहून तिने आधी विचारले, "ही कसली रं पेटी?" मी मराठीचा प्राध्यापक, 'शवपेटी' हा शब्द माझ्या जिभेवर तयार होता. पण तो आईसमोर उच्चारण्याचे धैर्य होईना. "नाटकातली आहे," मी म्हणालो. पोराने मात्र आपल्या अमेरिकी मराठीत सरळ सांगून टाकले, "आजी, यात मेलेला माणूस ठेवतात."

आई काही बोलली नाही. आमच्या भागात मरणाचे कोणाला वावडे नाही. जवळच वढूला संभाजी महाराजांची समाधी आहे, नदीपलीकडे 1818 च्या लढाईचा स्तंभ आहे आणि त्यावर पडलेल्या शिपायांची नावे कोरलेली आहेत. पण मरणाचा खेळ करायचा, हे तिच्या कानाला नवे होते. तरी नातवाने हौसेने विचारलेले. आणि प्रश्न शिवणकामाचा! तिने चष्मा लावला.

"कापड केवढं घेतलंस?"

पोराने पेटी मापून बरोबर तेवढेच सॅटिन कापले होते. आत पॉलिस्टरचा जाड थर भरून वरून कापड ताणले तर ते चार बोटे कमी पडले आणि कोपऱ्यांत चुण्या आल्या. "कमी पडणारच," आई म्हणाली. "कापूस कापड खातो." मग तिने जे सांगितले ते एखाद्या तंत्रनिकेतनात शिकवावे असे होते. पेटीला एकदम अस्तर लावायचेच नाही. प्रत्येक बाजूच्या मापाचा पुठ्ठा कापायचा, त्यावर थर ठेवायचा, कापड चहूकडून वीतभर जास्त घेऊन मागे दुमडायचे. ते आधी मधोमध पक्के करायचे आणि मग कडेकडे जायचे, कडेपासून सुरुवात केली तर मध्ये पोट सुटते. असे सगळे पुठ्ठे तयार झाले की मग आत बसवायचे, आधी तळ, मग बाजू, म्हणजे सांधा झाकला जातो. आणि फुगवटे हवेत तर पिंजारी गादीला लांब सुईने आरपार टाके घालतो तसे टाके घालून त्यावर बटण लावायचे. पिंजारी म्हणजे काय हे पोराला समजावण्यात आमची दहा मिनिटे गेली. त्याच्या धनुकलीचा आवाज मी तोंडाने काढून दाखवला, तो न्यू जर्सीत कितपत पोचला कोण जाणे.

इथवर सगळे ठीक चालले होते. मग पोरगा म्हणाला, "आजी, तळाला थर पुरत नाही. आपल्याकडे तुझी गोधडी आहे ना, ती कापून घालू?"

ती गोधडी म्हणजे आईची दोन इरकली लुगडी आणि आमच्या वडिलांची धोतरे. भाऊ पहिल्यांदा परदेशी निघाला तेव्हा पेटीतले चार कपडे बाहेर काढून तिने ती आत कोंबली होती. मूळच्या कादंबरीतला ड्रॅक्युला, 1897 सालचा, ब्रॅम स्टोकरचा, मखमलीवर निजतच नाही. मायदेशच्या मातीने भरलेल्या 50 पेट्या घेऊन तो विलायतेला जातो, कारण त्या मातीखेरीज त्याला विसावा नाही. मला हे त्या क्षणी आठवले, पण ती वेळ काही वाङ्मय शिकवण्याची नव्हती. पडद्यावर भावाचा चेहरा पडला होता. 2022 मध्ये वडील गेले तेव्हा तो तिसऱ्या दिवशी पोचला होता.

आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "त्या पेटीत निजणार कोण?"

"मी."

"मग गोधडी घाल. पण कात्री लावू नको. घडी कर आणि तळाला सबंध घाल."

मला नवल वाटले. मी हळूच म्हणालो, "आई, अशा पेटीत?"

"अशा पेटीत म्हणूनच," ती म्हणाली. "तुझ्या वडिलांना शेवटी खाली घेतलं, तेव्हा अंगाखालची गोधडी आधी काढली का नाही? जाणाऱ्याला भुईवर घेतात. गोधडीवर निजतो तो जित्ता माणूस. लेकरू लाकडावर निजायला नको."

आम्ही तिघेही काही बोललो नाही. तिकडे तिरडीला दोन बांबू, कामट्या आणि थोडा कडबा, एवढ्यावर माणूस जातो; बाराव्या-तेराव्याला मात्र आपण त्याच्या नावाने गादी, उशी, पांघरूण दान करतो. शय्यादान मी लहानपणापासून पाहत आलो आहे, त्यातली ही तफावत कधी माझ्या डोक्यात शिरली नव्हती. पोराला यातले किती कळले ठाऊक नाही. "ओके, नो कात्री," एवढे तो म्हणाला.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पहाटे फोटो आला. तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. पेटीत लाल फुगवटे, त्यांवर काळी बटणे, आणि तोंडाला पांढरे फासून, दोन सुळे लावून आमचा वंशज हात छातीवर ठेवून निजलेला. त्याच्या कोपराखालून गोधडीचा हिरवा काठ बाहेर आला होता. मी फोन आईच्या हाती दिला. तिने चष्मा पुसला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, पोराचा चेहरा ओलांडून ती पायाकडच्या बाजूला गेली आणि तिथे थांबली.

"उजव्या कोपऱ्यात कापड ओढून बसवलंय," ती म्हणाली. "सांग त्याला, पुढच्या साली तेवढं उसवून घे."