तारीख लांबची असली तरी गोळी थांबू नये

थायरॉईडची रक्ततपासणी आता तालुक्याच्या गावी सहज होते. केज, गेवराई, आष्टी किंवा माजलगावच्या लॅबमध्ये रक्त दिले, की टीएसएचचा आकडा लवकरच मोबाईलवर येतो. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. आकडा बिघडलेला असतो, तालुक्याच्या डॉक्टरांनी गोळी सुरू केलेली असते आणि चिठ्ठीवर एक ओळ लिहिलेली असते, 'हार्मोनच्या डॉक्टरांना दाखवून घ्या.' हे डॉक्टर म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्ट. ते बहुतेक मोठ्या शहरांतच बसतात. बीड जिल्ह्यातून छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे गाठायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडे लागते, सोबत एक माणूस लागतो. भेटीची तारीख कधी काही आठवड्यांनी मिळते, कधी काही महिन्यांनी. या मधल्या काळात काय करायचे, हे मात्र चिठ्ठीवर लिहिलेले नसते.

मग प्रत्येक घर आपापला मार्ग काढते. कुणी 'आता मोठ्या डॉक्टरांनाच विचारू' म्हणून गोळी बंद ठेवते. कुणी थकवा जात नाही म्हणून शेजारणीच्या सांगण्यावरून डोस वाढवते. थायरॉईडच्या बाबतीत अशा चुकीची किंमत काही आठवडे किंवा महिने मोजावी लागते. अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या बाबतीत दोन दिवसांची चूकही जिवावर बेतू शकते. हा फरक रुग्णाला, घरच्यांना आणि गावातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना माहीत असलाच पाहिजे.

गळ्यातली थायरॉईड ग्रंथी शरीराच्या कामाचा वेग ठरवते. दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल म्हणजे अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसोल तयार करतात. रक्तदाब आणि रक्तातली साखर टिकवणे, ताप, अपघात, शस्त्रक्रिया असा ताण सोसणे ही कॉर्टिसोलची कामे. दोन्हींवरचे उपचार जुने आहेत. एडवर्ड केंडॉल या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने १९१४ मध्ये थायरॉक्सिन वेगळे काढले आणि पुढे अ‍ॅड्रिनलच्या संप्रेरकांवरील कामासाठी त्यालाच १९५० च्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला. आज लेव्होथायरॉक्सिन आणि हायड्रोकॉर्टिसोन ही दोन्ही औषधे आपल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहेत. म्हणजे तज्ज्ञ दूर असला तरी उपचार दूर असण्याचे कारण नाही.

आधी थायरॉईडचे पाहू. लेव्होथायरॉक्सिनची गोळी शरीरात सावकाश उतरते. तिचा निम्मा अंश जायला सुमारे सात दिवस लागतात. त्यामुळे एखादा दिवस चुकला तर घाबरू नये, आठवेल तेव्हा घ्यावी. पण याच कारणाने डोस बदलल्याचा परिणामही लगेच दिसत नाही. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनीच टीएसएच पुन्हा तपासावे. दर पंधरा दिवसांनी तपासणी करून डोस वरखाली करण्यात पैसाही जातो आणि गोंधळही वाढतो. गोळी सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्यासोबत घ्यावी आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा घेऊ नये. कॅल्शियम, लोह किंवा आम्लपित्ताचे औषध चालू असेल तर त्यात आणि या गोळीत चार तासांचे अंतर ठेवावे. गरोदरपणात मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या थायरॉईडच्या गोळीसोबतच गिळल्या जातात आणि मग 'गोळी चालू असूनही आकडा उतरत नाही' अशी तक्रार होते. केस गळतात म्हणून बायोटिन घेत असाल तर तपासणीच्या दोन दिवस आधी ते थांबवा, कारण त्याने आकडा फसवा येऊ शकतो.

तीन वेळी मात्र पुढच्या तारखेची वाट पाहू नये. पहिली, दिवस राहिले तर. पहिल्या महिन्यांत गर्भाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉईडवर अवलंबून असते आणि गोळीची गरज वाढते. त्याच आठवड्यात जवळच्या डॉक्टरांना भेटावे. गोळी बंद तर मुळीच करू नये. दुसरी, थायरॉईड वाढल्यामुळे कार्बिमॅझोल चालू असताना ताप आला आणि घसा दुखू लागला तर. या औषधाने क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत कमी होतात. पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठून रक्ताची साधी तपासणी करावी. तिसरी, वयस्कर किंवा हृदयविकाराच्या रुग्णाला गोळी सुरू केल्यावर छातीत दुखू लागले किंवा धडधड वाढली तर.

अ‍ॅड्रिनलचे गणित वेगळे आहे. १८५५ मध्ये लंडनच्या थॉमस अ‍ॅडिसन यांनी या ग्रंथी निकामी झाल्याने होणारा आजार वर्णिला. त्यात वजन घटते, रक्तदाब उतरतो, खारट खावेसे वाटते, हिरड्या आणि तळहाताच्या रेषा काळवंडतात. आपल्या देशात क्षयरोग हे त्याचे एक ओळखीचे कारण आहे. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथींवर उलटली, तर थायरॉईड आणि अ‍ॅड्रिनल एकाच माणसात बिघडू शकतात.

ग्रामीण महाराष्ट्रात आणखी एक कारण रोज डोळ्यांसमोर असते. कंबर आणि गुडघेदुखीवर मिळणाऱ्या, नाव नसलेल्या पुड्या आणि सुट्या गोळ्या. त्यांत पुष्कळदा डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असते. ऊसतोडीच्या फडात दिवसभर मोळ्या वाहणाऱ्याला त्या पुडीने दोन तासांत आराम पडतो, म्हणून ती महिनोन्महिने घेतली जाते. चेहरा गोल होतो, अंग सुजते आणि आतमध्ये अ‍ॅड्रिनल ग्रंथी झोपी जातात. दम्यासाठी किंवा संधिवातासाठी डॉक्टरांनी दिलेल्या स्टेरॉईडच्या बाबतीतही तीन-चार आठवड्यांनंतर हेच घडू शकते. अशा वेळी 'स्टेरॉईड वाईट' म्हणून औषध एकदम थांबवले, की शरीराजवळ कॉर्टिसोल उरतच नाही. पुडी सोडायलाच हवी. पण डॉक्टरांना पुडी दाखवून, टप्प्याटप्प्याने.

अ‍ॅड्रिनल कमजोर असलेल्या माणसाला जुलाब, उलट्या किंवा ताप आला तर तो तासागणिक खचत जातो. पोटात दुखते, उभे राहता येत नाही, बोलणे असंबद्ध होते, रक्तदाब कोसळतो. बाहेरून हे साध्या गॅस्ट्रोसारखे दिसते. म्हणून निदान झालेल्या प्रत्येक रुग्णाला तीन नियम पाठ असावेत. रोजची गोळी एकही दिवस चुकवायची नाही. ताप शंभराच्या वर गेला तर ताप असेपर्यंत डोस दुप्पट करायचा. डॉक्टरांकडून हे आधीच लिहून घ्यावे. गोळी उलटून पडत असेल किंवा जुलाब थांबत नसतील तर घरी थांबायचे नाही. १०८ ला फोन करून जवळचा दवाखाना गाठायचा आणि 'मला स्टेरॉईड चालू आहे' हे पहिले वाक्य सांगायचे. तिथे हायड्रोकॉर्टिसोनचे १०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन आणि सलाईन लागते. दमा आणि अ‍ॅलर्जीसाठी हेच इंजेक्शन वापरले जाते, त्यामुळे ते डॉक्टरांना नवे नाही. संकटाच्या वेळी तपासणीच्या निकालाची वाट पाहत इंजेक्शन रोखून धरू नये.

दोन्ही ग्रंथी एकदम बिघडल्या असतील तर उपचारांचा क्रम महत्त्वाचा ठरतो. हॅरॉल्ड शीहान या ब्रिटिश तज्ज्ञाने १९३७ मध्ये वर्णिलेला आजार भारतातल्या ग्रामीण स्त्रियांत आजही आढळतो. बाळंतपणात फार रक्त गेले, तर मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी सुकते. थायरॉईड आणि अ‍ॅड्रिनल यांना हुकूम देणारी हीच ग्रंथी. बाळाला दूध आले नाही, पाळी परत सुरू झाली नाही, थकवा वर्षानुवर्षे हटला नाही, अशी कहाणी असते. इथे टीएसएच एकट्याने फसवते. ते नॉर्मल दिसू शकते. फ्री टी-४ आणि सकाळी आठच्या सुमारास घेतलेले कॉर्टिसोल पाहावे लागते. कॉर्टिसोल ३ च्या खाली असेल तर कमतरता जवळपास निश्चित मानतात. अशा बाईला आधी थायरॉईडची गोळी दिली तर शरीराचा वेग वाढतो, उरलेसुरले कॉर्टिसोल लवकर संपते आणि ती कोसळू शकते. आधी स्टेरॉईड, मग थायरॉईड हा नियम आहे. थायरॉईडची गोळी सुरू झाल्यावर बरे वाटण्याऐवजी चक्कर, उलट्या आणि अशक्तपणा वाढला तर ते लगेच डॉक्टरांना सांगावे.

बीड जिल्ह्यात या विषयाला आणखी एक बाजू आहे. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची चौकशी करणाऱ्या, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१९ मध्ये सांगितलेला आकडा जिल्हा विसरलेला नाही. पाहणी झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. पाळीत जास्त रक्त जाण्याच्या कारणांमध्ये थायरॉईडची कमतरताही आहे आणि ती गोळीने सुधारते. गर्भाशय काढण्याच्या निर्णयाआधी टीएसएचची तपासणी झालीच पाहिजे. तज्ज्ञाची वाट पाहता येते. काढलेले गर्भाशय परत बसवता येत नाही.

हंगामासाठी बाहेर पडणाऱ्या घरांनी आणखी काळजी घ्यावी. दिवाळीच्या आसपास टोळी निघते ती चार-पाच महिन्यांनी परतते. सातारा, कोल्हापूर किंवा कर्नाटकातल्या फडावर आपलीच गोळी मिळेल याची खात्री नसते. निघण्याआधी दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या घ्याव्यात आणि चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवावा. २५, ५०, १०० हे गोळीवरचे आकडे मायक्रोग्रॅमचे असतात. दुकान बदलले की आकडा पुन्हा वाचावा. कोपीत उन्हाची झळ लागणार नाही अशा जागी डबी ठेवावी, कारण उष्णतेने या गोळीचा गुण कमी होतो.

पण सगळा भार रुग्णावर टाकून भागणार नाही. अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, बीडला जिल्हा रुग्णालय आहे, आणि केंद्राची ई-संजीवनी सेवा २०१९ पासून चालू आहे. या तिन्हींची सांगड घालून आठवड्यातला एक दिवस हार्मोनच्या रुग्णांसाठी ठेवला, ठरलेल्या वेळी मोठ्या शहरातला तज्ज्ञ पडद्यावर उपलब्ध झाला, तर निम्म्या फेऱ्या वाचतील. ब्रिटनमध्ये २०२० पासून स्टेरॉईडवरच्या रुग्णांना खिशात ठेवायचे आणीबाणीचे कार्ड दिले जाते. तसे मराठीतले कार्ड छापायला मोठा निधी लागत नाही. ऊसतोड कामगारांच्या हंगामाआधीच्या तपासणीत चालू गोळ्यांची नोंद करून ते कार्ड हातात देता येईल. ग्रामीण रुग्णालयांत हायड्रोकॉर्टिसोनची गोळी आणि इंजेक्शन कायम शिल्लक राहील, हे पाहणे तर प्रशासनाच्या हातात आहे. निनावी पुड्या विकणाऱ्यांवर कारवाईही हवी.

आणि डॉक्टर मंडळींना एक विनंती. 'मोठ्या डॉक्टरांना दाखवा' असे लिहाल तेव्हा खाली आणखी तीन ओळी लिहा. तोपर्यंत कोणती गोळी चालू ठेवायची, ती किती घ्यायची, आणि आजारी पडल्यास कुठे जायचे. लिहायला एक मिनिट लागते आणि तारीख दोन महिन्यांनी असेल तर रुग्णाला त्याच तीन ओळींच्या आधाराने राहायचे असते.