आईची सही एकदा बघून घ्या

अमेरिकेतल्या माझ्या मराठी बंधुभगिनींनो, हे पत्र सावकाश वाचू म्हणून बाजूला ठेवू नका. ३ नोव्हेंबर २०२६ ला इथल्या हाउस ऑफ रिप्रेझेंटेटिव्हजची निवडणूक आहे. दिवाळीच्या अगदी तोंडावर. त्या आठवड्यात तुम्ही-आम्ही भाजणी, आकाशकंदील आणि मुलांच्या परीक्षा यांत गळ्यापर्यंत बुडालेले असू. म्हणून आधीच लिहिते आहे.

सहा मतांची गोष्ट ऐका. २०२० साल, आयोवाचा दुसरा मतदारसंघ. चार लाखांच्या आसपास लोकांनी मत दिलं आणि मॅरिॲनेट मिलर-मीक्स निवडून आल्या सहा मतांनी. सहा! सणाला आपल्या एका पंगतीत याहून जास्त माणसं बसतात. हरलेल्या रीटा हार्ट म्हणाल्या, २२ मतं कायदेशीर असून मोजलीच गेलेली नाहीत. त्यांतल्या काहींची कारणं अशी, की ऐकून हळहळ वाटावी. पाकीट नीट चिकटवलेलं नाही. सही भलत्याच जागी केली आहे. हार्ट कोर्टात गेल्या नाहीत, थेट हाउसकडे गेल्या, आणि प्रकरण आलं कमिटी ऑन हाउस ॲडमिनिस्ट्रेशनपुढे.

ही समिती म्हणजे सभागृहाची मॅनेजिंग कमिटी समजा. १९४७ पासूनची. सभासदांच्या कचेऱ्यांचा खर्च तिच्याकडे, पार्किंग तिच्याकडे, कॅपिटॉल पोलिसांवर आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसवर देखरेख तिच्याकडे. त्याच टेबलावर देशाच्या निवडणुकांचे कायदे येतात, आणि खरा निवडून कोण आला याचं भांडणही. भारतात असा वाद हायकोर्टात जातो. १९७५ साली अलाहाबादला इंदिरा गांधींची निवड रद्द झाली, ती अशाच खटल्यात. इथल्या राज्यघटनेनं मात्र हा निवाडा सभागृहाच्याच हाती ठेवला आहे. समितीत बहुमतवाल्यांचे दोन तर समोरच्यांचा एक, असं प्रमाण. सोसायटीच्या निवडणुकीची तक्रार निवडून आलेल्या पॅनेलनंच ऐकावी, तशातली गत. मला हे कधी पटलं नाही. पण ते बदलणं आज तुमच्या-माझ्या हातात नाही. आपल्या घरातलं मत अशा भांडणात अडकू न देणं, एवढं नक्की आहे.

तेव्हा नाव तपासा. आजच. राज्याच्या निवडणूक कचेरीच्या साइटवर दोन मिनिटं लागतात. आपल्या नावांची तऱ्हा तुम्हाला माहीत आहे. पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये, लायसन्सवर त्याचं एकच अक्षर, नोंदणीत तेही गायब. लग्नाआधीचं आडनाव एका कागदावर, नंतरचं दुसऱ्यावर. घर बदललं असेल तर पत्ता बदला. काही राज्यांत नोंदणी महिनाभर आधीच बंद होते. दसऱ्याला आठवण होऊन उपयोग नाही.

आणि एक गोष्ट कळकळीनं सांगते. ग्रीन कार्डवर असाल, व्हिसावर असाल, तर या निवडणुकीत मत देऊ नका. नोंदणीही करू नका. लायसन्सच्या खिडकीवरचा माणूस सवयीनं विचारतो, ‘मतदार म्हणून नाव घालू का?’ आपण सवयीनं मान डोलावतो. ती एक खूण पुढे नागरिकत्वाच्या मुलाखतीत समोर येते, आणि देश सोडण्याची पाळीही येऊ शकते. मुलं इथल्या शाळेत, घराचे हप्ते चालू, आणि कारण काय, तर न वाचता केलेली सही. तेव्हा ‘नाही’ म्हणा. स्पष्ट म्हणा. नवीन आलेल्या भाच्याला, शेजारच्या जोडप्याला, सगळ्यांना सांगा.

आयोवाचा वाद तसा लवकर मिटला. मार्च २०२१ च्या अखेरीस हार्ट यांनी अर्ज मागे घेतला. त्या २२ मतदारांचं मत मात्र कोणाच्याच पदरात पडलं नाही. १९८४ च्या निवडणुकीनंतर इंडियानाच्या आठव्या मतदारसंघात याहून वाईट झालं होतं. जागा चार महिने रिकामी. त्या लोकांना वॉशिंग्टनमध्ये त्यांचं म्हणून कोणी नव्हतं. शेवटी समितीच्या तिघांच्या गटानं, त्यातले दोघे एका पक्षाचे, फ्रँक मॅकक्लोस्की चार मतांनी जिंकल्याचं ठरवलं. टपालानं आलेली ३२ मतं न मोजता. १ मे १९८५ ला रिपब्लिकन सभासद सभागृहातून उठून चालते झाले. तो कडवटपणा बरीच वर्षं टिकला.

हे टाळायला केंद्रावर नीट, निवांत काम करणारी माणसं लागतात. तुम्ही नागरिक असाल तर पोल वर्कर व्हा. एक दिवस द्या. अनेक राज्यांत सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनाही घेतात. तुमच्या मुलीला घेऊन जा. गणपतीच्या मांडवात तुम्ही पावत्या फाडता, रांगा लावता, म्हाताऱ्यांना खुर्ची देता. कामाची जात तीच. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनमधून हाउसवर निवडून गेले, तेव्हा आपण सगळ्यांनी कौतुकानं फोटो फिरवले. पक्ष कुठलाही धरा. पण फोटो फिरवणाऱ्या हातांनी एक दिवस मतपत्रिकाही हाताळाव्यात.

आता आईबाबांकडे वळा. सत्तरीत नागरिक झालेली आई टपालानं मत देते. बऱ्याच राज्यांत पाकिटावरची सही नोंदीतल्या सहीशी ताडून बघतात. नोंदीतली सही लायसन्स काढताना काचेवर गिरवलेली. आता हात कापतो. सही जुळली नाही तर कचेरी पत्र पाठवते, फोन करते, आणि दुरुस्तीला थोडेच दिवस देते. आई फोन उचलत नाही. अनोळखी नंबर उचलू नकोस, असं आपणच तिला बजावलेलं असतं!

आज जेवणं झाली की तिला कोरा कागद द्या. तीनदा सही करायला सांगा. शेजारी तिचं लायसन्स ठेवा आणि बघा. सह्या वेगळ्या दिसल्या, तर उद्या सकाळी काउंटीच्या निवडणूक कचेरीला फोन लावा आणि सही नव्यानं कशी नोंदवायची ते विचारा. जावं लागलं तर तिच्याबरोबर तुम्ही जा.