नाद आणि कर्णनाद

‘हेवी मेटल’ हे दोन शब्द कानावर पडले की आम्हां डॉक्टर मंडळींना शिसे, पारा आणि विषबाधेचा अध्याय आठवतो. माझेही तसेच होते. नागपूरला शिकणाऱ्या माझ्या मुलाने सुटीत घरी आल्यावर याच नावाचे संगीत मोठ्या आवाजात लावले, तेव्हा ‘हीसुद्धा विषबाधाच!’ असा शेरा मी मारला होता. तो म्हणाला, ‘‘बाबा, गाणे सोडा, फक्त ड्रम वाजवणाऱ्याकडे लक्ष द्या.’’ मी लक्ष दिले आणि माझे मत बदलले. प्रस्तुत लेखाचा विषय त्या तालवीरांकडून आपण काय शिकावे, हा आहे.

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरातून ‘ब्लॅक सॅबथ’चा पहिला संग्रह 1970 साली निघाला आणि या संगीताचा पाया घातला गेला. त्यांचा ड्रमवादक बिल वॉर्ड जॅझ ऐकत वाढलेला असल्याने त्या जड संगीतातही त्याच्या हातात लवचीकता होती. पुढे गती वाढत गेली. ‘स्लेयर’च्या डेव्ह लोम्बार्डोने 1986 सालच्या ‘रेन इन ब्लड’ या संग्रहात दोन्ही पायांनी असा काही ठेका धरला की तो पुढच्या पिढीला मापदंड ठरला. उलट ‘आयर्न मेडन’चा निको मॅकब्रेन बहुतेक कारकीर्द एकाच पायाने एकच पेडल दाबत राहिला आणि इतरांना दोन पायांनी जमणारी गती त्याने त्यातून काढली. तबल्यात डाव्या-उजव्याचा समतोल साधायलाच वर्षे जातात, हे आपण जाणतो. येथे तर दोन हात आणि दोन पाय यांनी चार वेगळी कामे एकाच लयीत करायची असतात.

वैद्यकीय दृष्टीनेही हे वादन म्हणजे खडतर व्यायामच होय. ‘ब्लाँडी’ या रॉक समूहाचा ड्रमवादक क्लेम बर्क याच्यावर इंग्लंडमधील संशोधकांनी काही वर्षे चाचण्या केल्या. कार्यक्रमात त्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला सरासरी 140 ते 150 असत आणि मधूनच 190 पर्यंत जात. व्यावसायिक खेळाडूंच्या तोडीचे हे श्रम आहेत.

परंतु मला अधिक भावली ती या कलावंतांची आजाराशी झुंज. ब्रिटिश हेवी मेटलच्या लाटेतून पुढे आलेल्या ‘डेफ लेपर्ड’चा रिक ॲलन 31 डिसेंबर 1984 रोजी मोटार अपघातात सापडला. तुटलेला डावा हात शल्यचिकित्सकांनी जोडला, पण जंतुसंसर्गामुळे तो पुन्हा काढावा लागला. एकवीस वर्षांचा हा मुलगा खचला नाही. विजेवर चालणाऱ्या ड्रमला जादा पेडल बसवून डाव्या हाताचे काम त्याने डाव्या पायाला शिकवले आणि 1986 साली तो पुन्हा रंगमंचावर आला. ‘स्लिपनॉट’च्या जोई जॉर्डिसनने 2016 साली जाहीरपणे सांगितले की ट्रान्सव्हर्स मायलायटिसने त्याचे पाय निकामी झाले होते, उपचार व व्यायामाच्या बळावर तो पुन्हा वाजवू लागला. 2021 साली, अवघ्या शेहेचाळिसाव्या वर्षी त्याचे निधन झाले. मॅकब्रेनला जानेवारी 2023 मध्ये पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि त्याच वर्षी मे महिन्यात तो दौऱ्यावर होता. डिसेंबर 2024 मध्ये मात्र आपली मर्यादा ओळखून त्याने दौऱ्यांतून निवृत्ती घेतली. पक्षाघाताच्या रुग्णाला ‘आता जमेल तेवढे करा’ म्हणून निरोप देण्यापूर्वी आपण ही उदाहरणे आठवावीत.

आता नाण्याची दुसरी बाजू. ‘मेटॅलिका’च्या लार्स उलरिकने आपल्या कानातील सततच्या गुणगुणण्याविषयी, म्हणजेच कर्णनादाविषयी, उघडपणे सांगितले आहे. तरुणपणी कान जपले नाहीत, याचे ते फळ. आज त्या जगात बहुतेक जाणते वादक कानात संरक्षक प्लग घालूनच बसतात. ठेच लागल्यावर का होईना, ते शहाणे झाले.

आपले काय? आपल्याकडे पोळा, गणपती, दुर्गा, लग्नाची वरात, संदल, सर्वत्र ढोल-ताशा आणि धुमाल पार्टी वाजते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार होते. पांढुर्णा आणि सावरगावच्या जखमी पोरांच्या डोक्याला टाके घालताना आपले हात दुखून येतात. डोक्यातून वाहणारे रक्त सर्वांना दिसते. पण त्याच दिवशी तासन्‌तास ढोल बडवणाऱ्याच्या कानात झालेली जखम कोणाला दिसत नाही. ती टाक्यांनी भरून येणारीही नाही, कारण आंतरकर्णातील केशपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

सौंसरकडील एका खेड्यातला तिशीचा ताशावादक माझ्याकडे झोप येत नाही म्हणून आला होता. ‘‘डॉक्टरसाहेब, रात्री सगळं शांत झालं की कानात रातकिडे ओरडतात,’’ तो म्हणाला. श्रवणचाचणीत 4000 हर्ट्झजवळ ठळक खाच होती. पंधरा वर्षे वाजवताना त्याने फार तर कापसाचा बोळा घातला होता. त्याचा उपयोग नगण्य, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. सांगायचे कोणी? आपणच ना?

हिशेब सोपा आहे. अमेरिकी व्यावसायिक आरोग्य मानकांनुसार 85 डेसिबलचा आवाज आठ तास सुरक्षित धरतात. त्यात दर तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मी होते. 100 डेसिबलला ती जेमतेम पंधरा मिनिटे उरते. ढोल-ताशांच्या घोळक्यात ही पातळी सहज ओलांडली जाते आणि मिरवणूक पाच-पाच तास चालते.

यावर ‘वाजवणेच बंद करा’ असे म्हणणारे आहेत. मुंबईचे रंगभवन 1986 पासून ‘इंडिपेन्डन्स रॉक’ महोत्सवाचे घर होते. रुग्णालये व महाविद्यालयांच्या सान्निध्यामुळे शांतता क्षेत्राच्या नियमात ते पुढे बंद पडले. रुग्णालयापासून शंभर मीटरपर्यंत शांतता असावी, हा नियम मला डॉक्टर म्हणून मान्यच आहे. पण नियम ऐकणाऱ्याचे रक्षण करतो, वाजवणाऱ्याचे नाही. बंदी घातली तर त्या ताशावादकाची रोजी जाईल. न घालता दुर्लक्ष केले तर कान जातील. मधला मार्ग आपल्या हातात आहे.

2023 साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. या नव्या जिल्ह्यातील आपल्या संघटनेने दरवर्षी पोळ्यापूर्वी ढोल-ताशा व धुमालवादकांची मोफत श्रवणचाचणी करावी, त्यांना फोमचे प्लग वाटावेत आणि ते नीट बसवायला शिकवावे, अशी माझी सूचना आहे. रक्तदान व मधुमेह शिबिरे आपण करतोच. त्यात या एका दिवसाची भर पडावी. खर्च एका स्नेहभोजनाहून जास्त येणार नाही.

मुलाच्या खोलीतून आजही तो गडगडाट येतो. आवाज थोडा कमी करायला मात्र मी सांगतो, आणि आता तो ऐकतोही. अजून त्याला ऐकू येते, हे काय कमी आहे?